एकाच हाकेची घोडी

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांच्या घशातली गाठ वाईट निघाली आणि स्वरयंत्रच काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी आम्ही सोलापूरहून मोहोळला परत आलो. दारात रिक्षातून उतरताना मामा म्हणाले, "घोडीचं काय?"

मला असा संताप आला! माणसाचा आवाज कायमचा जाणार, आणि ह्यांना घोडीची पडलेली.

पण त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं. मामांचा सगळा जन्म मेंढरांमागं फिरण्यात गेला. भांडीकुंडी, वाकळा, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळा संसार घोडीच्या पाठीवर. गुडघे गेले तशी मेंढरं विकली, ही एक घोडी तेवढी राहिली. बांधून ठेवली की ती वैरणीला तोंड लावत नाही, म्हणून दिवसभर घरामागच्या पडीक रानात मोकळी चरते. रानाला कुंपण नाही आणि रान संपतं तिथं हायवे. दिवस कलला की मामा अंगणात उभं राहून घशातून एक लांब 'हुर्रर्र' काढायचे. असेल तिथून ती यायची. दुसऱ्या कुणाच्या बापाला दाद देत नव्हती. माझा नवरा तर नुसता दिसला तरी कान मागं टाकायची, कारण इंजेक्शनच्या वेळी तिला धरायला तोच असायचा.

वरातीला घोडे पुरवणारा एकजण तिला दोनदा मागून गेला होता. फटाका वाजला की ही घोडी जागच्या जागी थरथरते, घामानं भिजते. तिला वरातीत देणं म्हणजे रोज मारणं.

मामांनी निकाल दिला. "आपरेशनला तीन आठवडं हायती. पोरी, तुज्या हाकंला आली तर ऱ्हाईल. न्हाय आली तर मीच दीन तिला वरातवाल्याला. सडकंवर ट्रकाखाली जाण्यापरास बरं."

"मी? मामा, मी शाळेत शिकवते."

"मग शिकीव की!"

ते 'हुर्रर्र' माझ्या गळ्यातून काही निघेना. 'ये बाय' एवढंच ठरलं. पहिल्या संध्याकाळी मी बांधावर उभी राहून दहा-बारा वेळा ओरडले. घोडीनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. मागं मामा खाटेवर बसून खो खो हसत होते. हसता हसता खोकला लागला, आणि मग चिडले. "हजेरी घेतीस व्हय? एकदाच हाक मारायची. आली न्हाय तर आपून चालत जायाचं, पाठीवर हात फिरवायचा, मोकळ्या हातानं माघारी यायचं. दुसऱ्यांदा बोलवायचं न्हाय. दहांदा बोलावल्याव कोण येतंय?"

वर्गात एकेका पोराचं नाव पाच-पाच वेळा घ्यायची सवय असलेल्या बाईला हे किती जड गेलं, ते माझं मला माहीत. एक हाक मारून गप्प उभं राहायचं. जीभ नुसती वळवळायची. मग ढेकळं तुडवत तिच्यापर्यंत जायचं आणि रिकाम्या हातानं परत. रोज शाळेतून आल्यावर हेच. आठ दिवस.

नवव्या दिवशी ती आली. दबकत, दोनदा थांबत, पण आली. आणि मी मूर्खासारखी आनंदानं पुढं झाले आणि तिच्या गळ्यातली दोरी धरली. तिनं असा हिसडा दिला की माझ्या तळहाताची सालटी निघाली. पुढचे पाच दिवस ती मला बघितलं की उलट्या दिशेला चालायची.

मामा हाताला हळद लावत म्हणाले, "हाकंत दावं लपवायचं न्हाय पोरी. बोलवायचं ते नुसतं बोलवायचं. बांधायचं काम मागनं." आवाज एव्हाना इतका बसला होता की कान लावून ऐकावं लागायचं. नवऱ्यानं वरातवाल्याला फोन करून ठेवला होता. मला रात्री झोप लागेना.

ह्या सगळ्या दिवसांत मामांनी घोडीला एकदाही हाक मारली नव्हती. ती हाकेला येत नव्हती तोवर रोज संध्याकाळी मी ज्वारीची पाटी दाखवत, नवरा लांबून वळवत, आम्ही कसंबसं तिला गोठ्यात आणायचो, आणि मामा खाटेवर तिच्याकडं पाठ करून बसायचे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, आज एकदा बोलवा तिला. उद्यापासून..."

ते मान हलवत राहिले. "आता मी बोलावलं की तुजं समदं वाया. ती माजीच वाट बघंल."

मी आत जाऊन पोटभर रडले. एवढा हट्टी माणूस मी पाहिला नाही.

मामा घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर फडकं घेऊन. ऑपरेशनच्या धावपळीत ठरलेली मुदत उलटून गेली होती. वरातवाला रविवारी येणार होता. घोडी आता माझ्या हाकेला कधी यायची, कधी नाही.

शुक्रवारी, उन्हं उतरताना, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कर्कश गाणी लावून बाजूच्या वाटेनं गेला. घोडी बुजली आणि उधळली ती थेट हायवेच्या भरावावर. गोठ्याच्या दारातून मी बघते तर तिचे पुढचे पाय डांबराला लागलेले. समोरून ट्रकचा हॉर्न. त्या दिवशी रानाच्या मध्यावर खाट टाकून बसलेले मामा उठून उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. फडक्याखालून नुसती हवा फसफसली.

मी हाक मारली. "ये बाय!"

एकदाच. दुसरी हाक दातांपर्यंत आली होती, ती मी ओठ चावून धरली. पळाले असते तर ती पुढं पळाली असती. ट्रक गेला, त्यामागं दुसरा. घोडी तशीच उभी, कान इकडं तिकडं करत. मग ती वळली, भराव उतरली आणि दुडक्या चालीनं निघाली. मामा वाटेतच उभे होते. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली आणि थांबली नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली, छाती धपापत. मी दोरीला हात लावला नाही.

मामा लंगडत आले. त्यांचं तोंड हसत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि तिला माझ्याकडं ढकललं. ती आधीच माझ्याकडं आलेली होती.