सासऱ्यांची जीप आणि माझे ओले केस

सरपंच असताना मी गावात एकच गोष्ट जागची हलवली, ती म्हणजे माझ्या सासऱ्यांची जीप. तीही तिसऱ्या दिवशी परत जागेवर गेली.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा एके काळचे साखर कारखान्याचे संचालक. कारखान्यानं जुनी जीप लिलावात काढली तेव्हा मामांनी ती घेतली, ऐटीत गावात आणली आणि चौकात थांबवली. ती थांबली ती थांबलीच! मी सून म्हणून आले तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती आणि बॉनेटला टेकून बाभूळ वर आली होती.

"मामा, भंगारात द्या की हिला."

"भंगार? सूनबाई, हिच्यात चेअरमन बसलेत!"

(बसले होते हे खरं. उतरून ढकलायचेही, असं सासूबाई सांगतात.)

मी सरपंच झाले त्या साली पावसानं पाठ फिरवली. विहिरी कोरड्या, बैल छावणीत आणि पाणी तीन दिवसांतून एकदा, टँकरचं. टँकर थांबायचा जीपपाशी. बायका आदल्या दिवशीच जीपभोवती हंडे मांडून नंबर लावायच्या. ड्रायव्हरच्या चिठ्ठीतसुद्धा आमच्या गावापुढं 'जीपजवळ' एवढंच लिहिलेलं असायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त नको त्या वेळी विसरले.

झालं काय, तालुक्याहून परिपत्रक आलं. सार्वजनिक जागेतली बेवारस, नादुरुस्त वाहनं हलवा. मालकाला सात दिवसांची नोटीस द्या. हौसेखातर जपलेलं जुनं वाहन असेल तर ते मालकानं स्वतःच्या आवारात झाकून ठेवावं. मी नवी सरपंच, अंगात वारं शिरलेलं! पहिली नोटीस मामांच्या नावानं काढली आणि जेवताना भाकरीच्या ताटाशेजारी ठेवली.

मामांनी चष्मा लावला. "बेवारस? मी मेलो का काय?"

"मग नादुरुस्त म्हणा."

"हौसेची हाय ती!"

"मग आवारात ठेवायची, झाकून. नियम हाय, मामा."

मामांनी नोटीस घडी करून खिशात घातली. "बरं," म्हणाले. मामा एवढ्या लवकर 'बरं' म्हणाले की सावध व्हायचं असतं, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

सातव्या दिवशी ट्रॅक्टरला दोर बांधून जीप आमच्या आवारात आणली. आमचं घर गावाच्या तोंडाशी, टँकर येतो त्या दिंद्रुडच्या रस्त्यालाच. वर ताडपत्री टाकली. नियम म्हणजे नियम!

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी तालुक्याला बैठकीला गेले आणि 'स्वतःच्या घरापासून सुरुवात केली' असं चार जणांना न विचारता सांगून आले. दुपारी घरी येते तर काय, आमचा हौद काठोकाठ भरलेला! पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. नवऱ्यानं कुठून तरी विकतचं पाणी आणलं असणार, असं मी ठरवूनच टाकलं. नवऱ्याबद्दल एकदम माया दाटून आली. कुणाला काही विचारलं नाही. शिकेकाई काढली आणि मनसोक्त न्हाले.

केस मोकळे सोडून ओट्यावर येते तो दारात तीस-चाळीस बाया, कमरेवर रिकाम्या घागरी! सगळ्यांत पुढं मथुराबाई, जिचा हंडा कायम पहिल्या नंबरला.

"कावून वो सरपंचीणबाई, टँकर आला व्हता म्हणं?"

"कुठं? न्हाई बा!" मी म्हटलं. केसांतून पाणी टपटपत होतं आणि बाया एकेक थेंब मोजत होत्या.

"आला की!" ताडपत्रीखालून आवाज आला. मामा जीपच्या पुढच्या सीटवर पेपर वाचत बसले होते. "नवा ड्रायवर व्हता. इचारलं, जीप हीच का? म्हणलं, हीच. म्हणला, हंडे न्हाईत, वतू कुठं? म्हणलं, हौद हाय की."

"मामा! चौकात का न्हाई पाठवला?"

"चौकात जीप कुठं हाय, सूनबाई? नियम हाय!"

"आमी उन्हात टाचा भाजतोय," मथुराबाई कडाडली, "अन् ह्या न्हात्यात!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचा टँकर तीन दिवसांनी. ह्या बायांच्या घरी प्यायलासुद्धा थेंब नव्हता आणि माझ्या मोरीतून शिकेकाईचा फेस वाहत होता. केस वर बांधले, पदर खोचला आणि हौदातून शेंदून नंबराप्रमाणं एकेकीची घागर भरू लागले. शेवटी दोन घागरी कमी पडल्या. बरोबर माझ्या न्हाण्याएवढ्या! त्या मी स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या पाण्यातून भरून दिल्या आणि आमच्या घरानं तीन दिवस शेजारी जाऊन पाणी प्यायलं.

त्याच संध्याकाळी बायांनीच जीप ढकलत चौकात नेली. मागून मीही ढकलत होते. स्टेअरिंगला मामा, डोक्याला फेटा! ग्रामसभेच्या वहीत मी स्वतः लिहिलं, 'सदर वाहन पाणीपुरवठ्याच्या कामी वापरात असल्याने बेवारस नाही.' खाली मामांनी चेअरमनच्या ऐटीत सही ठोकली.

आता गावात घरोघरी नळ आलेत. जीप चौकातच आहे, बाभूळ चांगली सावली देते. पण मी डोकं धुऊन ओट्यावर आले, की रस्त्यानं जाणारी एखादी तरी बाई हमखास थांबते, माझ्या केसांकडं बघते आणि आत हाक मारते, "मामा, टँकर आला का वो?" म्हणून हल्ली मी केस वाळवते ते घरात, दार लावून.