तीन महिन्यांचं इंजेक्शन

हे मी कुणालाच सांगितलं नाय. लेकीला नाय, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाय. तुम्हाला सांगते — पण आधी आमचे हे कसे होते ते ऐका.

बिडकीनला ह्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. ह्यांनी आतून हाक मारली की रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला वळून बघायचा, असा आवाज. घरातही तसंच. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे. माणूस वाईट नव्हता हो — पण चाळीस वर्षं मी त्यांचा चेहरा बघूनच बोलत आले.

दोन वर्षांमागं प्रोस्टेटची गाठ निघाली. कॅन्सरची. शहरातल्या डॉक्टरांनी दर तीन महिन्याला एक इंजेक्शन सांगितलं. हे रक्त द्यायला खाली गेले तेव्हा डॉक्टरांनी मला नीट समजावलं. ही गाठ पुरुषाच्या हार्मोनवर पोसते. डोक्यातली एक ग्रंथी हुकूम देते तेव्हा ते हार्मोन बनतं. हे औषध त्या ग्रंथीला सारखं डिवचतं. ती आधी जास्तच हुकूम सोडते — म्हणून सुरुवातीला सोबत गोळ्या — आणि मग थकून गप्प बसते. फार लवकर वयात येणाऱ्या लहान मुलींनाही हेच देतात म्हणं. मग डॉक्टर म्हणाले, इच्छा जाईल, अंगातून वाफा निघतील, रडू लवकर येईल. यजमानांना तुम्हीच सांगा, तुमच्याकडून ऐकलेलं बरं.

मी व्हय म्हणाले. आणि सांगितलं का? नाय.

वाटलं, इंजेक्शनच नको म्हणतील. ती भीती खरी होती — पण ती पहिल्या दोन इंजेक्शनांपुरतीच. नंतर काय होतं?

नंतर हे बदलले. ऐन थंडीत स्वेटर काढून दारात बसायचे. नातीचा फोन आला की डोळे पुसायचे. माझ्याजवळ बसून लसूण सोलायला लागले, माझे गुडघे कसे आहेत ते विचारायला लागले. लई गोड माणूस. इतकी वर्षं कुठं होता कुणास ठाऊक.

एका दुपारी लसूण सोलता सोलताच म्हणाले, "सुमन, मी तुला नवऱ्यासारखं जवळ घेत नाय आता. माझ्यातच काहीतरी खोट आली. माफ कर मला."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा माफी मागितली — तीही न केलेल्या चुकीची. मला एवढंच म्हणायचं होतं की ते औषधामुळं आहे, तुमच्यामुळं नाय. मी काय म्हणाले? "असू द्या, वय झालं आता."

का? कारण मला हे असेच आवडत होते — मान खाली घातलेले. खरं कळलं तर मान वर होईल, पुन्हा ताट सरकेल, असं वाटलं. जीव आहे माझा त्यांच्यावर, आणि तरी मी त्यांना तसंच ठेवलं.

उद्या पुढचं इंजेक्शन आहे. फाईल त्यांनी स्वतःच पिशवीत ठेवली, वर माझ्या गुडघ्याचा पट्टा — दवाखान्याचे जिने मला जड जातात म्हणून. पिशवी बांधताना अजून तेच विचारतात, "रागावली नायस ना माझ्यावर?"

आणि मी माफ केल्यासारखी हसते.