अधांतरी आकडा

यंत्र बिघडलं की मला आधी माणसाचा राग येतो. कारखान्यात आयुष्यभर मीटर दुरुस्त करून लागलेली ही वाईट खोड.

त्या सकाळी मुलचेऱ्याजवळच्या एका तलावावर मासेमार गटाच्या अध्यक्षबाई माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या होत्या. मागच्या साली माझ्या मापावर विसंबून त्यांनी मत्स्यबीज सोडायला लावलं आणि आठवड्यात मासे मरून वर आले. गावानं बोल लावला तो बाईंना. आता पुन्हा बीज आलं होतं आणि ते भरलेल्या पिशव्यांतली हवा दुपारपर्यंतच पुरणार होती.

पाण्यातला प्राणवायू मोजणारा सेन्सर तलावात, त्याची तार काठावरच्या लॉगरमध्ये. लॉगर म्हणजे आकडे नोंदणारी पेटी. आकडा मात्र सहा, दोन, नऊ अशा उड्या मारत होता.

"बाई, तार हलवू नका!" मी खेकसलो.

"मी कुठी हलवून राह्यली? ढिली हाय का पाह्यतो."

त्यांचा एक हात लोखंडी पेटीवर होता, दुसऱ्या चिमटीत तारेचं उघडं टोक. आकडा तीनवर थांबला. त्यांनी टोक सोडलं, पुन्हा उड्या.

माझा राग कुठल्या कुठे पळाला. "पुन्हा धरा बरं!" असं म्हणत मी पाच वेळा धरायला लावलं. बाईंच्या अंगातून तार पेटीच्या अर्थिंगला जोडली जात होती. सेन्सर स्वतःच चिमूटभर वीज तयार करतो. ती नेमकी मोजायची तर त्याचं एक टोक पेटीच्या अर्थिंगशी जोडलेलं लागतं. तो जोड मीच तोडला होता. दोन ठिकाणी अर्थिंग दिलं की माप बिघडतं, हे कारखान्यात इतकं घोकलेलं, की त्या धाकानं मी एकही ठेवलं नव्हतं.

माझ्या हत्यारांच्या पिशवीतला एक रेझिस्टर काढून बाईंच्या हातांच्या जागी बसवला. आकडा तीनवरच राहिला. एवढ्या कमी प्राणवायूत बीज जगलं नसतं. पलीकडच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आकडा सहा भरला, तिथं बीज सोडलं.

"मंग मागच्या साली?" बाईंनी विचारलं.

"तेव्हाही जोड तुटलेलाच होता." लाजेनं माझी मान वर होईना.

"सालभर मले लोकायनं बोल लावला, भाऊ. चला गावात, आता तुमीच सांगा."

समाजमंदिरापुढे माणसं जमली. चूक माझी होती, बाईंची नव्हती, असं मी कसंबसं पुटपुटलो.

"जोरानं सांगा," बाई म्हणाल्या, "मांगच्यायले आयकू येत नाई."