सुई टोचताना आईजवळ कोण होतं

"जीभ बाहर. पूरा," असं ती म्हणायची, आणि समोर कंपनीचा मॅनेजर असला तरी शाळकरी पोरासारखा जीभ काढून बसायचा.

अझैबा भागात एका लाँड्रीच्या वर तिचा दवाखाना होता. चिनी बाई, पन्नाशी उलटलेली. मस्कतमध्ये इतकी वर्षं काढली होती, की हिंदी, अरबी आणि इंग्रजी एकाच वाक्यात उरकायची. जीभ झाली की तुमच्या मनगटावर तीन बोटं ठेवायची, आधी एका, मग दुसऱ्या. डोळे मिटायची. आणि मग अचानक विचारायची, "दीदी, गुस्सा किधर रखती?"

माझ्या आईनं या प्रश्नाला पाऊण तास उत्तर दिलं. सासर, गुहागरचं घर, बाबांची वादी कबीर भागातल्या वर्कशॉपमधली नोकरी, सगळं. मी बाजूच्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्यातलं निम्मं मला पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा स्पष्टच लिहिते: मला ही बाई सहन व्हायची नाही. पुण्यात शिकताना मी भोंदूगिरीविरुद्ध पत्रकं लिहिली, कॉलेजच्या फाटकावर उभी राहून वाटली. इथे रस्त्यावर पत्रकं वाटायची सोय नाही, म्हणून ती आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर पाठवते. तुमच्यातल्या अनेकांनी ती न वाचता अंगठा दाखवला असेल, तेही ठाऊक आहे.

आईच्या गळ्यावर, थायरॉइडमध्ये, गाठ निघाली होती. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, सुईनं नमुना काढून तपासा. काढला नाही, तर ती गाठ साधी की कर्करोगाची, हे कुणालाच कळणार नव्हतं. मी पाच महिने मागे लागले होते. फ्रिजवर माझं स्वतःचं पत्रक चिकटवलं होतं, लाल अक्षरात. आईचं ठरलेलं उत्तर होतं, "गळ्यात सुई? तू घे आधी टोचून, बाय." आणि बिल्डिंगमधल्या कुणीतरी नाव सुचवलं, तशी हीच आई चिनी बाईकडे मात्र टॅक्सी करून गेली.

दुसऱ्या खेपेला बाईनं आईची जीभ बघितली आणि तिचा चेहरा पडला. जीभ पिवळीजर्द. आत फार उष्णता साठली, गाठीला हे वाईट, असं म्हणत तिनं वहीत पानभर लिहिलं. घरी आल्यावर उलगडा झाला. आई निघण्यापूर्वी हळदीचं दूध पिऊन गेली होती, आणि जीभ घासू नका अशी बाईचीच सक्त ताकीद होती.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पत्रकाचा मजकूर डोक्यात तयार झाला. मी तिसऱ्या खेपेला मुद्दाम सोबत गेले आणि तिच्या तोंडावर सांगितलं. ती टेबलावर डोकं टेकवून हसली. वहीतलं पान तिनं आमच्यासमोर फाडलं. पुढच्या आठवड्यात दारावर हिंदीत चिठ्ठी होती, आने से पहले हल्दी नहीं. जो येईल त्याला ती आपली फजिती सांगायची. मी इतकी पत्रकं लिहिली, चूक झाली म्हणून एकही मागे घेतलेलं नाही. मजकूर डोक्यातच राहिला.

पान फाडलं त्याच दिवशी आईनं तिच्याकडे औषध मागितलं. तिच्या कपाटात वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पिशव्या होत्या. गळ्याच्या गाठीवर त्यांच्याकडे ते फार जुन्या काळापासून देतात. तिनं कपाट उघडलंच नाही. शेवाळात आयोडीन असतं, रक्ताचा रिपोर्ट बघितल्याशिवाय द्यायचं नाही, असं म्हणाली. मग आईचा हात धरला.

"पहले सुई, दीदी. मेरा दवा बाद में. मैं आएगी साथ."

"येशील ना नक्की?" आईनं सरळ मराठीतच विचारलं. आणि तयार झाली. माझे पाच महिने, आणि तिची तीन वाक्यं.

हॉस्पिटलात नर्सनं सांगितलं, आत सोबत एकच जण. आईनं माझ्याकडे बघितलं आणि चिनी बाईची बाही पकडली. मी फाइल छातीशी धरून बाहेर उभी. पोटची मुलगी मी, अपॉइंटमेंट मी घेतलेली, सुट्टी मी टाकलेली. इतका मत्सर मला आजवर कुणाचा वाटला नव्हता.

बाहेर आल्यावर आई गळ्यावर कापूस दाबून बसली. मी बाईला गाठून विचारलं, तुम्ही असं काय सांगितलंत, जे मी सांगितलं नव्हतं?

"तुम सब सही बोला," ती म्हणाली. "दीदी को डर लगता था. तुम कागज दिया."

गाठ साधी निघाली. त्यानंतर बाईनं आईला एका तपकिरी फुलांचा काढा दिला, आणि गाठ जाईल असं मी म्हणत नाही, असंही सांगितलं. गाठ गेली नाही. आई झोपायला लागली, ते काढ्यानं की बोलण्यानं, मला माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात बाईची म्हातारी आई आजारी पडली आणि ती दवाखाना बंद करून चीनला गेली. निघण्यापूर्वी तिनं मला बोलावून शिकवलं: समोर बसवायचं, पाण्याचा घोट घ्यायला लावायचा, गिळताना गाठीवर दोन बोटं ठेवायची. मोठी वाटली, टणक लागली, तर यल्ला, लगेच हॉस्पिटल. सोनोग्राफी दरवर्षी करायचीच.

आता महिन्यातल्या एका शुक्रवारी आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसते आणि घोट घेते. माझ्या बोटांखालून गाठ वर सरकते, परत जागेवर येते.

"तिचे हात ऊन असायचे," आई परवा म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले, चहाच्या पातेल्याला तळवे लावून धरले, आणि परत येऊन म्हटलं, "घे पुन्हा घोट."