त्या साली मी घाटाला उतरले नाही

येरमाळ्याच्या घाटाला गाडी लागली की माणसांनी खाली उतरायचं, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. घाटाच्या पायथ्याला शेंदूर फासलेला एक दगड होता. तिथं वडील कासरा ओढायचे, बैल थांबायचे आणि आम्ही सगळे न सांगता भराभर खाली. गरोदर बाई उतरायची, नवा जावई असला तरी तोही उतरायचा. बैलांना ओझं होतं, एवढंच कारण. वर सपाटीला पोचलं की पुन्हा गाडीत बसायचं, आणि त्याआधी आई दोन्ही बैलांच्या तोंडावरून हात फिरवायची. लग्न होईपर्यंत त्या घाटाला मी किती वेळा उतरले असेन, देव जाणे. एकदा मात्र उतरले नाही. बाकीच्या सगळ्या खेपा एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, ती तेवढी लख्ख आठवते.

लग्न सोळाव्या वर्षी झालं. माहेर घाटाच्या वर, वाशीच्या वाटेवर, म्हणजे निजामाच्या राज्यात. सासर घाटाच्या खाली, बार्शीच्या बाजूला, म्हणजे इंग्रजी मुलखात. मधे जकातीचा नाका. अंतर पाच-सहा कोसांचंच, पण सासरची माणसं आमच्या भागाला मोगलाई म्हणायची आणि ते अशा सुरात, की आम्ही अजून झाडपाला नेसतो असं वाटावं. भाकरी जाड झाली, मोगलाई. पदर वेगळा घेतला, मोगलाई. सासू तशी वाईट नव्हती, तिला बोलायची हौस होती. मीही काही कमी नव्हते. लग्नानंतर वडिलांनी पांढरी खिलारी जोडी घेतल्याचं कळलं होतं. न पाहिलेल्या त्या बैलांचं मी इतकं कौतुक सांगून ठेवलं, की शिंगांचा रंगसुद्धा घरात सगळ्यांना पाठ झाला होता. पहिल्या पंचमीला माझं मूळ येईल तेव्हा बघाच, असं मी वर बजावलं होतं. सासरी नांदणाऱ्या मुलीला न्यायला माहेराहून जो माणूस येतो, त्याला आमच्याकडे मूळ म्हणतात.

श्रावण लागला. नणंद तिच्या सासरहून आमच्याकडे पंचमीला आली, तीही घुंगरांच्या गाडीतून. शेजारच्या सुना एकेक करून गेल्या. माझं मूळ येईना. नागचतुर्थी उजाडली. त्या दिवशी बहिणी भावासाठी उपास करतात. मीही केला होता, आणि उपाशीपोटी दर थोड्या वेळानं दारात जाऊन वाट बघत होते.

दुपारच्या आत दादा आला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आला तो सायकलवर. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, सदऱ्यावर चिखलाचे शिंतोडे, आणि मागच्या कॅरियरला एक जुनी वाकळ घडी करून दोरीनं बांधलेली.

नणंद म्हणाली, "वैनी, तुमचं मूळ आलंय का टपाल आलंय?"

सगळं घर हसलं. दादाही हसला. त्याचं ते हसणं मला सर्वांत जास्त झोंबलं. सासऱ्यांनी गाडी का आणली नाही विचारलं, तर यंदा गाडी आली नाही, एवढंच बोलून तो पाणी प्यायला लागला. मीही पुढं काही विचारलं नाही. माझ्या मनात एकच होतं, की यानं माझं नाक कापलं. सासूनं ओटी भरली, मी मांडीवर गाठोडं घेऊन एका अंगानं कॅरियरवर बसले आणि वेशीपर्यंत कुणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

वाटेत तो बोलत राहिला. आईनं झोक्यासाठी नवा दोर आणलाय, कडुनिंबाची ती आडवी फांदी यंदा भक्कम झालीय, असलं काहीबाही. मी हूं की चूं केलं नाही. नाक्यावरच्या शिपायानं माझं गाठोडं उलगडून पाहिलं आणि दादाला उर्दूत काहीतरी विचारून हसला. दादा पुन्हा त्याच्याबरोबर हसला. माझा पारा आणखी चढला.

घाटाच्या दगडापाशी त्यानं सायकल थांबवली. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मला वाटतं, मी आपण होऊन उतरेन असंच त्यानं धरलं होतं. मी बसून राहिले.

"बाई, उतरतीस का?" तो म्हणाला. "मोठ्या वळणापुरतं."

"मूळ म्हणून आलायस न्हवं?" मी म्हटलं. "मग बसवून ने. चालतच यायचं हुतं तर मला पाय हुते की."

 दादानं गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सारलं, पायातल्या वहाणा काढून हँडलला अडकवल्या आणि पायडलवर उभा राहिला.

त्या काळी रस्ता मुरमाचा होता आणि पावसानं त्याला चर पडले होते. दादा सरळ चढत नव्हता, या कडेहून त्या कडेला नागमोडी जात होता. चढ जास्त झाला की माझ्या ओझ्यानं पुढचं चाक उचलायचं, तो सगळा भार हँडलवर टाकून ते खाली दाबायचा. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. लोहाराचा भाता चालावा तसा आवाज होता तो. दोनदा थांबला, दोनदा पुन्हा निघाला. मोठं वळण आलं तेव्हा पायडल फिरेचना. तो खाली उतरला, एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं कॅरियर धरून मला बसल्या जागी ढकलत वर नेऊ लागला.

वळणावर एक बैलगाडी चढत होती. गाडीत पोती होती, गाडीवाला चाकाला हात लावून चालत होता आणि मागं एक म्हातारी पदर खोचून चालत होती. आम्ही तिच्या अंगावरून पुढं जाताना तिनं दादाच्या पायांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पोरी," ती म्हणाली, "आमी बैलासाठी उतरलोय. त्यो तर माणूस हाय."

तेव्हा उतरायला हवं होतं. ते मला त्या क्षणीही कळत होतं, आज कळतंय अशातला भाग नाही. पण परक्या बाईनं सांगितल्यावर उतरले तर माझं चुकलं असं होईल, म्हणून मी गाठोडं आणखी घट्ट धरलं. भावाच्या आयुष्यासाठी सकाळपासून तोंडात पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि त्याच भावाला मी जनावरापेक्षा वाईट वागवत होते. नाकावरचा राग काय काय करायला लावतो माणसाला.

सपाटीला आल्यावर त्यानं मला उतरवलं आणि गवतात बसून कितीतरी वेळ गुडघ्यांत डोकं घातलं. त्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर खपल्या धरलेल्या जखमा होत्या. येताना कुठं पडला असेल, असं मला वाटलं. विचारलं नाही. मग त्यानं मान वर केली. तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण डोळे हसत होते.

"आलो का न्हाय बसवून?" तो म्हणाला.

मी दुसरीकडं पाहिलं.

पुढचा रस्ता हलक्या उताराचा. दादानं पायडल थांबवले आणि सायकल आपोआप धावू लागली. दोन्ही बाजूंना मूग-उडदाची हिरवी रानं, अंगावर गार वारा, पदर मागं फडफडतोय. बैलगाडीत जन्म गेलेल्या मला एवढा वेग ठाऊकच नव्हता. पोटात गोळा येत होता आणि तो यावासा वाटत होता. रस्ता असाच राहावा, घर येऊच नये, असं वाटलं. मला हसू फुटत होतं आणि दादाला ऐकू जाऊ नये म्हणून मी पदर तोंडात धरला होता.

"बरं वाटतंय का, बाई?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"हाडं खिळखिळी झाली माझी," मी म्हटलं.

त्यानंतर तो घरापर्यंत बोलला नाही.

घरी चुलीपुढं बसल्यावर आईकडून सगळं कळलं. कुणा साहेबाच्या दौऱ्यासाठी गावातल्या झाडून सगळ्या गाड्या बैलांसकट वेठीला धरून नेल्या होत्या, आमची नवी जोडीही त्यातच. वडील म्हणाले होते, यंदा निरोप धाडू, पुढच्या साली आणू पोरीला. दादानं ऐकलं नाही. पहिली पंचमी आहे तिची, वाट बघत बसेल, म्हणाला. गावात सायकल एकच, मुसलमान शिंप्याची. पंचमीच्या तोंडावर शिंप्याला श्वास घ्यायला सवड नसते. तरी त्यानं सायकल दिली आणि स्वतः कापडाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बाजाराला चालत गेला. दादाला सायकल येत नव्हती. आठ दिवस तो पडीक रानात पडून पडून शिकला, आणि शेवटचे दोन दिवस मागं ज्वारीचं पोतं बांधून, म्हणजे मला बसवून आणता येईल.

"मग तिथं सांगितलं का न्हाय त्यानं?" मी विचारलं.

आई म्हणाली, "अगं, ती माणसं आदीच आपल्याला हसत्यात. गाडी वेठीला नेली म्हणून सांगितलं आसतं, तर तुला तिथं मान वर करून ऱ्हाता आलं आसतं का?"

मी ओसरीवर आले. दादा पालथा झोपला होता आणि धाकटी चुलती त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती. उठल्यावर बोलू म्हटलं. सकाळी तो सायकल परत करायला गेला. मग आला आणि त्यानं झोका बांधला, मी चार दिवस झोके घेतले. बोलायला शंभर वेळा सवड होती. पण काही घडलंच नाही असा तो वागत होता, आणि मला ते फार सोयीचं पडलं.

पुढं निजामाचं राज्य गेलं, नाका गेला, सासरचे मोगलाई म्हणायचे तेही थांबलं. दादा दर पंचमीला गाडी घेऊनच यायचा. घाटाच्या दगडापाशी तो आधी खाली उडी टाकायचा आणि मला उतरायला हात द्यायचा. त्याचा हात धरताना दरवेळी शब्द माझ्या ओठांवर यायचे. एकदा म्हटलंही, "दादा, त्या साली..." तर तो म्हणाला, निसरडं आहे, खाली बघून चाल. मी खाली बघून चालले.

शेवटची खेप एसटीतली. दादाची सत्तरी उलटली होती, गुडघे पार गेले होते. बार्शीला त्याला डॉक्टरकडं दाखवून आम्ही परत येत होतो. मोठ्या वळणावर गाडी तापून थांबली. कंडक्टर म्हणाला, जरा उतरा सगळे, गाडी हलकी होऊ द्या, म्हाताऱ्यांनी बसलं तरी चालेल. मीही म्हातारीच होते. पण उतरले. गाडी गुरगुरत सावकाश वर निघाली आणि मी माणसांबरोबर तिच्या कडेनं चालू लागले. दादानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. दात नव्हते, पण हसू तेच होतं.

"बाई," तो म्हणाला, "उतरलीस व्हय एकदाची."

पन्नासएक वर्षं त्यानं ते मनात ठेवलं होतं आणि एकदाही माझ्यावर उगारलं नव्हतं.  वर जाऊन गाडीत बसले तोवर त्याचा डोळा लागला होता. घरी गेल्यावर बोलू म्हटलं. घरी गेल्यावर नातवंडं होती, औषधं होती, दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं.

पुढच्या श्रावणापर्यंत तो राहिला नाही.

चुकलं म्हणायचं राहिलं ते राहिलं. तो जाणून होता, आणि त्यानं ते केव्हाच सोडूनही दिलं असेल. मला चुटपुट लागून राहिली आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. पोतं बांधून बांधून तो शिकला होता आणि त्या उतारावर त्यानं मला एकच गोष्ट विचारली होती. मला बरं वाटलं होतं. आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही इतकं बरं वाटलं होतं, आणि मी त्याला सांगितलं की माझी हाडं दुखतात.