कीबोर्डखालची चिठ्ठी

हे गेल्यानंतर पहिल्यांदाच मी कॉम्प्युटरमध्ये नवं विंडोज टाकून घेतलं, आणि यांचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडेनासं झालं. दर वेळी तीच चौकट यायची: सुरू करता येत नाही. यांची सगळी पत्रं त्यातच. दुसरीकडे उघडली की नुसती अगम्य चिन्हं दिसतात.

दुरुस्तीला आलेले सावंत म्हणाले, "वहिनी, हे म्हातारं झालंय. काढून टाकू?"

"म्हातारी मीही झालेय. राहू द्या."

ते गेल्यावर पुसायला कीबोर्ड उचलला, तर खाली यांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली. मिक्सर, गिझर, सगळ्याला माझ्यासाठी अशा चिठ्ठ्या लावायची यांची सवय. मी हसायचे. आपण नसतानाची सोय माणूस किती आधीपासून करत असतो, हे तेव्हा कुठे कळत होतं!

चार ओळी होत्या. सॉफ्टवेअरच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबणे. जुन्या पद्धतीने चालवा, हे निवडणे. पुन्हा सुरू करणे.

तिसऱ्या ओळीपाशीच पत्रं उघडली. चौथीची गरज नव्हती, तरी वाचली: नाहीच जमलं तर मला हाक मार.

सवयीने मी आतल्या खोलीकडे वळून पाहिलं.