कपड्यांची दोरी

आमच्या रोडपालीच्या बिल्डिंगमधले फिजिक्सचे क्लासवाले सर कधी स्वस्थ उभे राहत नाहीत. सतत चावी खुळखुळवतात. माझं डोकं उठतं. गच्चीवरची कपड्यांची दोरी हलवून ते मुलांना शिकवतात, "हात भराभर हलवला की सेकंदाला लाटा जास्त निघतात, पण प्रत्येक लाट आखूड होते. दोघांचा गुणाकार तोच, तोच लाटेचा वेग. दोरी तीच, तर वेग तोच. लाट लवकर पोचत नाय."

काल तळोज्याच्या केमिकल कारखान्यांकडून उग्र वास आला. सरांची बायको तिथेच कंपनीत कामाला, आणि तिचा फोन लागत नव्हता. मी गच्चीवर गेलो तर सर रस्त्याकडे बघत तीच दोरी गदागदा हलवत होते.

"सर, वहिनी निघाल्या असतील. बसा जरा."

"लवकर पोचत नाय, ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "पण हात थांबत नाय."